पहिली वेबसाइट: एक वही, किल्ल्यांचा जुडगा आणि महिन्यातला एक गुरुवार

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामांचा रबर गॅस्केटचा, म्हणजे जोडातली गळती थांबवणाऱ्या रबरी चकत्यांचा, छोटा कारखाना आहे. चौदा माणसं, तीन प्रेस आणि दोन टेबलांचं ऑफिस. भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड झाली तेव्हा मामांनी मला बोलावलं. "अरे, गावभरच्या वेबसाइटी करतोस, आमची कधी करणार?" मी लॅपटॉप उघडून तीन-चार देखणी डिझाइनं दाखवली. एकात वरच मोठ्या अक्षरांत 'आमचं व्हिजन' होतं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काढून टाक. मला फोन येतो तो माल कधी मिळेल म्हणून. व्हिजन आजवर कुणी विचारलेलं नाही."

तेव्हापासून नवं काम घेताना मी आधी डिझाइन दाखवत नाही. शंभर पानी वही देतो.

वही फोनशेजारी ठेवा

दोन आठवडे ही वही ऑफिसातल्या फोनजवळ राहू द्या. जो फोन घेईल त्याने समोरच्याचा प्रश्न लिहायचा, आणि तो त्याच्याच शब्दांत. मामांकडे अकाउंट आणि फोन दोन्ही सांभाळणाऱ्या ताई आहेत. त्यांच्या वहीत अशा ओळी होत्या: "स्टीम लाइनला कुठलं चालेल?" "कमीत कमी किती नग घ्यावे लागतील?" "ड्रॉइंग नाही, जुना पीस आहे, चालेल का?" "सँपलचे पैसे पडतात का?" "आज गुरुवार, चालू आहात का?" आणि "टेम्पो गेटपाशी उभा आहे, पुढे कुठं वळायचं?" हा शेवटचा प्रश्न पंधरा दिवसांत नऊ वेळा आला होता.

या वहीतूनच पानं पडतात. वाफेचा प्रश्न म्हणजे मटेरियलचं पान: तेलाशी संबंध असेल तर नायट्राइल रबर; गरम पाणी आणि वाफेला ईपीडीएम रबर, पण ते तेलात फुगतं म्हणून तिथं नको; जास्त उष्णतेला सिलिकॉन. हे मामा दिवसातून चार वेळा फोनवर सांगायचे. एकदा लिहून काढलं आणि आता ताई त्या पानाची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवतात. नगांचा, सँपलचा आणि जुन्या पीसचा प्रश्न मिळून 'ऑर्डर कशी द्यायची' हे दुसरं पान झालं. टेम्पोवाल्यासाठी पत्त्याचं पान. मुखपृष्ठ धरून चार आणि कंपनीविषयीचं एक, अशी पाच पानं. पहिल्या वेबसाइटला एवढी पुरतात. ब्लॉग, बातम्या, फोटोगॅलरी असले रिकामे कप्पे सुरुवातीला करूच नयेत. दोन वर्षांपूर्वीची एकमेव 'ताजी बातमी' पाहून माणसाला कंपनी बंद पडली की काय असं वाटतं.

वही भरली की एक गोष्ट ठरवा. वेबसाइट पाहणाऱ्याने शेवटी नेमकं काय करावं? फोन, ड्रॉइंग पाठवणं की दुकानात येणं? एकच निवडा आणि त्याचं बटण प्रत्येक पानावर, मोबाइलच्या पडद्यावर न सरकवता दिसेल असं ठेवा. मामांचं बटण आहे 'ड्रॉइंग किंवा फोटो पाठवा'. लक्ष्मी रोडच्या साडीवाल्याचं वेगळं असेल.

नाव घ्या, आणि स्वतःच्या नावावर घ्या

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते निवडताना एक परीक्षा घ्या: नाव फोनवरून कुणाला तरी सांगा आणि त्याला इंग्रजीत टाइप करायला लावा. मराठी नावांची इथंच पंचाईत होते. 'लक्ष्मी' एक्सनं लिहायचं की के-एस-एचनं? 'श्री'त ई किती? 'विश्व'मधला पहिला 'व' व्ही की डब्ल्यू? तीनपैकी दोघं चुकले तर नाव बदला, किंवा परवडत असेल तर दोन्ही स्पेलिंगं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवा.

डॉट इन घ्यावं की डॉट कॉम, यावर लोक फार वेळ घालवतात. गिऱ्हाईक देशातलंच असेल तर डॉट इन उत्तम. निर्यातीचा विचार असेल तर डॉट कॉम. दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्या. वर्षाचा खर्च साधारण काही शे ते दीड हजार रुपये प्रत्येकी, मात्र पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४पासून मिळतं. पाटीवर ते छान दिसतं, पण मुख्य पत्ता म्हणून मी अजून कुणाला सुचवलेलं नाही, कारण बरेचसे ऑनलाइन फॉर्म तसला ईमेल आजही नाकारतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ज्यापायी मी लोकांना रडताना पाहिलंय. डोमेन तुम्ही स्वतः विकत घ्या. वेबसाइट करणारा मुलगा म्हणेल, "सर, मी घेतो, बिलात लावतो." नको. त्याच्या खात्यात घेतलेलं नाव कागदोपत्री त्याचं असतं. धायरीतल्या एका पॅकिंगवाल्यांचं असंच झालं. करणारा परदेशी गेला, त्याचा ईमेल बंद, मुदत संपली आणि नाव गेलं. व्हिजिटिंग कार्डं, टेम्पोवर रंगवलेला पत्ता, खोक्यांवरची छपाई, सगळं नव्यानं करावं लागलं.

डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव त्याच दिवशी जात नाही. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, काही दिवसांची मुदतवाढ देते. तीही टळली की पुढचे ३० दिवस नाव सोडवता येतं, पण भुर्दंड जबर बसतो. त्यानंतरचे ५ दिवस कुणाचंच काही चालत नाही आणि मग नाव बाजारात खुलं होतं. एवढी संधी मिळूनही नावं जातात, कारण आठवणीचे ईमेल अशा खात्यावर येत असतात जे कुणी उघडत नाही. म्हणून रजिस्ट्रारकडे कंपनीच्या मालकाचा, रोज पाहिला जाणारा ईमेल द्या. आणि तो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद पडतो. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल खरा आहे का हे तपासणारी लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर नाव तात्पुरतं बंद होतं. नवी कोरी वेबसाइट 'आपोआप' बंद पडल्याचे जे फोन मला येतात, त्यांतले कितीतरी याच कारणाचे असतात.

ऑफिसच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे मालकाला माहीत असतं. तसंच हे पाच लॉगिन एका कागदावर लिहून कपाटात ठेवा: डोमेन, होस्टिंग (वेबसाइटच्या फाइली राहतात ती भाड्याची जागा), वेबसाइटचं अॅडमिन, ईमेल, गुगलचं खातं. कुणी नोकरी सोडली की पासवर्ड बदला. कारखान्याचं कुलूप बदलतो, तसंच.

मजकूर: कंपनीची पाटी आणि कायदा

मजकूर आधी, डिझाइन मागून. उलटं केलं की डिझायनर चौकटी आखतो आणि आपण त्या भरायला 'गुणवत्ता हेच आमचं ब्रीद' असलं काहीतरी लिहीत बसतो. मुखपृष्ठाच्या पहिल्या दोन ओळींत काय बनवता, कुणासाठी आणि कुठं, एवढं आलं पाहिजे. मामांची ओळ आहे: "औद्योगिक रबर गॅस्केट आणि ओ-रिंग. ड्रॉइंगप्रमाणे किंवा जुन्या पीसवरून. भोसरी, पुणे." यात विशेषण एकही नाही आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलेलं नाही. पुण्यातल्या दुकानांवरच्या 'दुपारी बंद'च्या पाट्यांची आपण टिंगल करतो, पण ती पाटी वेळ तरी खरी सांगते. वेबसाइटवर तेवढंही नसतं. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हे नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला कुठून कळणार? वेळेच्या रकान्यात 'गुरुवारी बंद' लिहा.

कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर एक गोष्ट बंधनकारक आहे आणि बहुतेक करणारे ती सांगत नाहीत. २०१४च्या कंपनी स्थापना नियमांतल्या २६व्या नियमाप्रमाणे वेबसाइटच्या मुखपृष्ठावर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि चौकशी किंवा तक्रारीसाठी संपर्काच्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. तळाशी छोट्या अक्षरांत दिलं तरी चालतं, पण मुखपृष्ठावर हवं. प्रोप्रायटरी फर्मला हा नियम लागू नाही. तरी पत्ता आणि ०२०चा लँडलाइन नंबर दिसला की परचेसवाल्याचा विश्वास वाढतो, हा माझा अनुभव आहे.

मराठी की इंग्रजी? चाकणच्या कारखान्यातला परचेसवाला इंग्रजीत शोधतो, तुळशीबागेत यायला निघालेली बाई मराठीत. गिऱ्हाईक पाहून ठरवा, दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पानं करा. एकाच वाक्यात दोन्हीची खिचडी नको. मराठी मजकूर जुन्या कॅटलॉगमधून उचलणार असाल तर सावध. डीटीपीवाल्याने तो बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेला असतो. वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी कसली तरी चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडेतिकडे होतात. वेबसाइटसाठी 'मुक्ता' किंवा 'नोटो' हे मोफत देवनागरी फाँट चांगले दिसतात.

फोटो

विकतचे फोटो लावू नका. हेल्मेट घातलेले गोरे इंजिनिअर हसत ब्ल्यूप्रिंट बघतायत हे चित्र भोसरीतल्या कुठल्याही शेडमध्ये मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मोबाइल पुरतो. सकाळी शटर उघडल्यावर दारातून येतो त्या उजेडात, पांढऱ्या कार्डशीटवर तयार नग ठेवायचा आणि शेजारी स्टीलची फूटपट्टी. आकार कळतो आणि कामातला नेमकेपणाही. तीन प्रेसचा एकत्र फोटो, एक माणसं काम करतानाचा, एक गेटबाहेरचा. बस.

मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर वेबसाइट उघडेपर्यंत माणूस दुसऱ्याला फोन लावून मोकळा होतो. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणि वजन २०० केबीच्या आसपास आणा. आणि मागच्या भिंतीवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग तर लटकत नाही ना, हे बघा. मोठ्या कंपन्या ड्रॉइंग आणि पार्ट नंबर बाहेर दिसला तर व्हेंडर यादीतून नाव काढू शकतात. त्यांचा लोगोही लेखी विचारल्याशिवाय लावू नये.

बांधणी आणि परचेस ऑर्डर (पीओ)

पाच पानांसाठी वर्डप्रेस (मजकूर स्वतः बदलता येणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं, तयार वेबसाइट बिल्डर की साधी एचटीएमएल पानं, हा वाद करणाऱ्यांनी आपापसात घालावा. माझं मत विचाराल तर: ऑफिसातलं कुणी महिन्याला मजकूर बदलणार असेल तर वर्डप्रेस, वर्षातून एकदाच बदलणार असेल तर साधी पानं. वर्डप्रेसची देखभाल करावी लागते, साध्या पानांना जवळपास काहीच नाही. बिल्डरमध्ये काम झटपट होतं, पण तिथून सामान उचलून दुसरीकडे जाणं अवघड.

प्रेसच्या डायची पीओ जशी काढता, तशीच ही काढा. पानं किती, मजकूर कोण देणार, फेरबदल किती वेळा, पैसे किती टप्प्यांत. काम संपल्यावर सगळ्या फाइली आणि पासवर्ड तुमच्या हवाली करणं हा शेवटच्या हप्त्याचा भाग करा. पहिल्या वर्षाची देखभाल वेगळी लिहून घ्या. 'लाइफटाइम सपोर्ट' या शब्दापासून दूर राहा. कुणाचं लाइफ, हे त्यात लिहिलेलं नसतं.

सुरू करण्याच्या दिवशी

इथं मी माझ्याच दोन चुका सांगतो.

मामांची साइट सुरू होऊन महिना झाला तरी गुगलवर नावानंसुद्धा सापडेना. वर्डप्रेसमध्ये 'रीडिंग' सेटिंगच्या तळाशी सर्च इंजिनांना दूर ठेवण्याचा एक चौकोन असतो. काम चालू असताना मी तो टिक केला होता आणि काढायला विसरलो. साइट सुरू झाली की आधी तो चौकोन बघा, मग गुगल सर्च कन्सोलमध्ये साइट नोंदवा आणि साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या.

दुसरी चूक महागात पडली. आणखी एका कंपनीची साइट नव्या होस्टिंगवर नेताना मी डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या नोंदी (डीएनएस) ठेवणारे सर्व्हर, बदलले. साइट झकास चालू झाली आणि कंपनीचे ईमेल बंद पडले. ईमेल कुठं पोचवायचे हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्या जागी होत्या, त्या नव्या जागी नेल्याच नव्हत्या. शनिवारी दुपारी बदल केला, सोमवारी सकाळी कळलं. आता मी आधी सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढतो, एमएक्ससोबत ईमेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्याही, आणि शनिवारी कशालाच हात लावत नाही.

बाकीची तपासणी पटकन होते. पत्ता https नं सुरू होतो का, की ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतो? त्यासाठी लागणारं सुरक्षा सर्टिफिकेट मोफत मिळतं, पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते ते ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होतं का, हे होस्टिंगवाल्याला विचारून ठेवा. फोन नंबर बोटाने दाबल्यावर फोन लागतो का? फॉर्म भरल्यावर ईमेल येतो का, की स्पॅममध्ये जातो? फॉर्ममध्ये नाव, फोन आणि काम एवढंच विचारा. जन्मतारीख वगैरे कशाला? २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, गरज नसलेली माहिती गोळा करून जबाबदारी ओढवून घेऊ नका. मग वाय-फाय बंद करून, शेडच्या पत्र्याखाली जिथं रेंज कमी असते तिथं उभं राहून साइट उघडून बघा.

त्याच आठवड्यात गुगल बिझनेस प्रोफाइल करा. मोफत आहे, आणि स्थानिक धंद्याला कधीकधी वेबसाइटपेक्षा तेच जास्त फोन देतं. नकाशावरची पिन स्वतः गेटवर नेऊन ठेवा. भोसरीत जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक आणि त्यातले प्लॉट नंबर टेम्पोवाल्याला पाठ नसतात. आम्ही पत्त्याच्या पानावर गेटचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'वजनकाट्यानंतरचा दुसरा डावीकडचा बोळ'. वहीतला तो नऊ वेळा आलेला प्रश्न जवळजवळ बंद झाला.

महिन्यातला एक गुरुवार

देखभालीला एक माणूस नेमा. 'आम्ही सगळे बघतो' म्हणजे कुणीच बघत नाही. महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी कारखाना बंद असतो, तेव्हा मी मामांकडे जातो. चहा होईपर्यंत काम आटोपतं. आधी बॅकअप, आणि त्याची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर. साइट हॅक झाली तर सर्व्हरवरचा बॅकअपही त्याच सर्व्हरबरोबर जातो. मग वर्डप्रेस आणि त्याला जोडलेल्या छोट्या सोयींचे, म्हणजे प्लगिनचे, अपडेट, आणि जे प्लगिन वापरात नाही ते काढून टाकणं. अपडेटनंतर पाचही पानं उघडून बघायची. शेवटी फॉर्म स्वतः भरायचा.

दिवाळीच्या आधी सुट्टीच्या तारखा टाका आणि नंतर आठवणीने काढा. वर्षातून एकदा दर, नगांची मर्यादा, संपर्काचं नाव तपासा. वही पुन्हा पंधरा दिवस ठेवली तर नवीन पान हवं का ते कळतं. 'तुमच्या डोमेनची मुदत संपतेय, ताबडतोब भरा' असे ईमेल येतील. त्यातली लिंक दाबू नका, कपाटातल्या कागदावरच्या लॉगिननं रजिस्ट्रारकडे जाऊन तारीख बघा. महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर देतो म्हणणाऱ्यांचे फोनही येतील. त्यांना मामांनी शोधलेलं उत्तर: "आज गुरुवार, बंद आहोत."

मागच्या वर्षी अशाच एका गुरुवारी फॉर्म भरला आणि ईमेल आला नाही. तपासलं तर सगळे ईमेल सोडून गेलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर जात होते. तो उघडला. सहा स्पॅम, एक नोकरीचा अर्ज, आणि एक तळेगावच्या कंपनीचं ड्रॉइंग, ईपीडीएम गॅस्केट, दोनशे नग. मामांनी आधी तारीख पाहिली. सतरा दिवसांपूर्वीची होती. सुट्टी असूनही त्यांनी तिथंच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अहो, माल आला आमचा. पण पुढच्या महिन्यात पुन्हा लागेल, या वेळी रिप्लाय द्या." मामांनी वहीत तारीख लिहिली आणि मी फॉर्मला ताईंचा दुसरा पत्ता जोडला.